‘लिटरेचर’ वाक्यात बसवताना

वाळपईहून पणजीच्या कॉलेजात येणारी मुलगी म्हणते, ‘यंदा मला लिटरेचर घ्यायचंय.’ फोंड्याच्या दवाखान्यात बॅग मांडीवर घेऊन बसलेला औषध कंपनीचा एमआर म्हणतो, ‘डॉक्टर, लिटरेचर ठेवून जातो.’ आणि दोनापावलला समुद्रविज्ञान संस्थेतला संशोधक आपल्या विद्यार्थ्याला विचारतो, ‘आधी लिटरेचर बघितलंस का?’ मुलीच्या मनात कथा, कविता, नाटकं आहेत. एमआरच्या बॅगेत गुळगुळीत कागदावरची रंगीत पत्रकं आहेत. संशोधकाला त्या विषयावर आजवर छापून आलेले शोधनिबंध हवे आहेत. तिघंही शब्द बरोबर वापरतात.

मराठी बोलताना आपलं काही अडत नाही, कारण समोरचा माणूस आणि प्रसंग बघून अर्थ आपोआप कळतो. अडतं ते इंग्रजी वाक्य कागदावर उतरवताना. मराठी माध्यमातून शिकून कॉलेजात आलेले, पहिला प्रकल्प अहवाल लिहिणारे, वेर्ण्याच्या एखाद्या कंपनीत नोकरीला लागून ईमेल लिहू लागलेले, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच देतो आहे. ती डोळ्यांनी नुसती चाळू नका, मोठ्यानं वाचा. या शब्दाचा निम्मा घोळ ‘द’ या एका अक्षराचा आहे, आणि तो डोळ्यांपेक्षा कानाला लवकर सापडतो.

शब्दकोशातला अर्थ पाठ करून हा शब्द हाती लागत नाही. त्याच्या अलीकडे काय आहे आणि पलीकडे काय आहे, तेवढं पाहायची सवय लावा. अलीकडे ‘द’ आहे, ‘अ’ आहे की काहीच नाही? पलीकडे ‘ऑन’ आहे, ‘ऑफ’ आहे, की वाक्य तिथंच संपलं? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन प्रश्नांच्या आहेत.

पायरी पहिली: कुठलं लिटरेचर, ते आधी ठरवा

वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा, मला वरच्या तिघांपैकी कोणाचं लिटरेचर म्हणायचंय? मुलीचं, एमआरचं की संशोधकाचं? तीन खण आहेत, चौथा सहसा लागत नाही.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘लित्तेरा’, म्हणजे अक्षर. इंग्रजीत जुन्या काळी ‘अमक्याला लिटरेचर आहे’ असं म्हणत, म्हणजे तो माणूस वाचलेला, विद्वान आहे. विद्या हा त्याचा अर्थ होता. एखाद्या देशाचं किंवा काळाचं एकूण लेखन हा अर्थ नंतर रुळला, आणि छापील पत्रकांना लिटरेचर म्हणायची पद्धत त्याहून अलीकडची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. एमआर बिचारा फार उशिरा आला, पण हक्कानं बसला आहे.

इथंच मराठी माणसाचा पहिला सापळा. आपण ‘लिटरेचर’ला साहित्य म्हणतो, पण आपलं साहित्य त्याहून मोठ्या अंगाचं आहे. पूजेचं साहित्य, बांधकाम साहित्य, शालेय साहित्य, आणि पाककृतीच्या सदरात कृतीच्या आधी येतं ते साहित्य. यातलं एकही इंग्रजीत लिटरेचर नाही. बांधकामाचं ते ‘बिल्डिंग मटेरियल’, पाककृतीचं ‘इन्ग्रीडियन्ट्स’, शाळेचं ‘स्टेशनरी’ किंवा ‘स्कूल सप्लाइज’. मोबाईलवरच्या भाषांतरावर भिस्त ठेवून निविदा किंवा शाळेची नोटीस इंग्रजीत करणाऱ्यांनी हा शब्द शेवटी एकदा शोधून तपासावा. वाळू-सिमेंटचं लिटरेचर झालेलं सापडू शकतं. उलट ‘प्रचार साहित्य’ मात्र थेट जुळतं: ‘कॅम्पेन लिटरेचर’, ‘इलेक्शन लिटरेचर’. म्हणून कसोटी अशी ठेवा, त्या साहित्यावर अक्षरं आहेत का आणि ती वाचण्यासाठी आहेत का. असतील तर पुढं जा.

तरीही कागदपत्रं म्हणजे लिटरेचर नव्हे. मामलेदार कचेरीत द्यायचा उतारा आणि दाखला हे ‘डॉक्युमेन्ट्स’.

पायरी दुसरी: मोजायचा मोह आवरा

‘साहित्य’ हा शब्द मराठीत आपण मोजत नाही. ‘दोन साहित्यं वाचली’ असं कोणी म्हणत नाही. लिटरेचरही तसंच, मोजता न येणारं आणि एकवचनी. म्हणजे इथं मातृभाषेचं बोट धरून चालावं तर माणूस पडत नाही. तरीही प्रकल्प अहवालांत ‘मेनी लिटरेचर्स वेअर स्टडीड’ हे वाक्य भेटतंच भेटतं. दहा निबंध वाचले म्हणजे काहीतरी अनेकवचनी व्हायलाच हवं, असं लिहिणाऱ्याला वाटत असावं.

असं लिहा: ‘आय रेड मेनी पेपर्स ऑन द सब्जेक्ट.’ ‘शी हॅज रिटन फोर नॉव्हेल्स.’ लेखकाबद्दल बोलत असाल तर ‘वर्क्स’ हा शब्द आहे: ‘हिज वर्क्स आर टॉट हिअर.’ एकच कृती दाखवायची असेल तर ‘अ वर्क ऑफ लिटरेचर’ किंवा ‘अ पीस ऑफ लिटरेचर’. ‘मेनी’ नको, ‘मच’ चालतं, तेही प्रश्नात आणि नकारात: ‘देअर इज नॉट मच लिटरेचर ऑन धिस.’ होकारात ‘अ लॉट ऑफ’, आणि जरा औपचारिक लिहायचं तर ‘अ लार्ज बॉडी ऑफ लिटरेचर’. क्रियापद एकवचनीच: ‘द लिटरेचर इज’, ‘द लिटरेचर शोज’.

आता अपवाद, आणि तो समजायला गोव्याइतकी चांगली जागा नाही. अनेक भाषांची किंवा परंपरांची लेखनं शेजारी शेजारी ठेवली की ‘लिटरेचर्स’ हे अनेकवचन पूर्ण शुद्ध ठरतं. राशोलला 1616 साली थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं ख्रिस्तचरित्राच्या जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत छापल्या. आपण इंग्रजी शब्दाशी झटतो आहोत आणि चारशे वर्षांपूर्वी एक इंग्रज इथं आपल्या ओवीशी झटत होता! त्याच्याही आधी, 1556 मध्ये, गोव्यात छापखाना आला होता. फ्रान्सिस्को लुईस गोम्स यांची पोर्तुगीज कादंबरी 1866 ची. बा. भ. बोरकरांनी मराठी आणि कोकणी दोन्हींत कविता लिहिली. साहित्य अकादमीनं 1975 मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली. कोकणीतलं लेखन देवनागरीत आहे आणि रोमीत, म्हणजे रोमन लिपीतही आहे. एवढं सगळं एका लहान राज्यात. तेव्हा:

‘गोवा हॅज मोअर दॅन वन लिटरेचर.’
‘द लिटरेचर्स ऑफ गोवा आर रिटन इन मराठी, कोंकणी, पोर्च्युगीज अँड इंग्लिश.’

दुसऱ्या वाक्यात अनेकवचनाबरोबर ‘आर’ आलं, हे ऐका. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: ‘द लिटरेचर ऑफ गोवा’ असं एकवचनी लिहिलं तरी व्याकरण चुकत नाही, पण अर्थ सरकतो. एकवचनात सगळ्या भाषा मिळून एक परंपरा आहे असा दावा होतो, अनेकवचनात त्या वेगळ्या परंपरा आहेत असा. इथल्या मराठी-कोकणी वादाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो हा फरक सहज सोडणार नाही. कोकणीला राजभाषा ठरवणाऱ्या 1987 च्या कायद्याबद्दल गावात आजही दोन मतं निघतात. मी स्वतः अनेकवचन वापरतो.

पायरी तिसरी: ‘द’, ‘अ’ आणि काहीच नाही

ही पायरी सावकाश चढा. मराठीत ‘द’ला जोड नाही, म्हणून आपण तो कधी विसरतो, कधी घाबरून सगळीकडे घालतो. आधी ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणा:

‘मॅन्ग्रोव्ह्ज हार्डली अपीअर इन लिटरेचर.’
‘मॅन्ग्रोव्ह्ज हार्डली अपीअर इन द लिटरेचर.’

पहिल्याचा अर्थ असा, की कवींनी आणि कादंबरीकारांनी खारफुटीकडे फारसं पाहिलेलं नाही. माड, आंबा, समुद्र यांच्यावर कविता झाल्या, चिखलात उभ्या झाडांवर झाल्या नाहीत. हे एक मत आहे, वाद घालता येईल. दुसऱ्याचा अर्थ असा, की खारफुटीवर संशोधन जवळजवळ झालेलंच नाही. हे तर साफ खोटं आहे, मांडवी आणि जुवारीच्या काठच्या खारफुटीवर भरपूर काम छापून आलं आहे. एका ‘द’मुळे वाक्य कवितेच्या कपाटातून प्रयोगशाळेच्या कपाटात गेलं, आणि मतभेदाचं वाक्य चुकीचं झालं.

असं का होतं? ‘द’ म्हणजे ‘ते, जे तुला नि मला ठाऊक आहे’. शोधनिबंधात लिहिणारा आणि वाचणारा दोघंही एका विषयाचे, त्यामुळे ‘द लिटरेचर’ म्हणजे ‘आपल्या या विषयावरचं आजवरचं लेखन’. नुसतं ‘लिटरेचर’ म्हटलं की एकूण कला येते, जसं ‘म्युझिक’ किंवा ‘पेन्टिंग’. म्हणून आवड सांगताना ‘द’ नको. ‘आय लाइक द लिटरेचर’ असं नोकरीच्या मुलाखतीत म्हणालात, तर ऐकणारा मनात विचारेल, कुठलं? ‘आय लाइक लिटरेचर’ पुरे.

भाषेचं नाव आधी आलं तरी ‘द’ नको: ‘मराठी लिटरेचर हॅज अ लाँग हिस्टरी.’ पण पाठीमागं ‘ऑफ’ येऊन त्यानं शब्दाला एखाद्या जागेशी किंवा काळाशी बांधलं की ‘द’ परत येतो: ‘द मराठी लिटरेचर ऑफ गोवा’, ‘द लिटरेचर ऑफ द नाइन्टीन्थ सेंच्युरी’. या एका नियमानं बरीच वाक्यं सुटतात. ‘मराठी लिटरेचर’ला ‘द’ नाही, ‘मराठी लिटरेचर ऑफ गोवा’ला आहे.

उरला ‘अ’. मोजता न येणाऱ्या शब्दाला ‘अ’ कसा लागेल? लागतो, मधे एखादं विशेषण किंवा मागं बांधणारे शब्द असले की. ‘देअर इज अ ग्रोइंग लिटरेचर ऑन खाजन लँड्स.’ ‘कोंकणी हॅज अ लिटरेचर ऑफ इट्स ओन.’ पहिल्यात संशोधनाचा एक वाढता साठा आहे, दुसऱ्यात एका भाषेची स्वतःची परंपरा. पण एक पुस्तक या अर्थानं ‘अ लिटरेचर’ कधीच नाही. ‘आय बॉट अ लिटरेचर’ हे वाक्य इंग्रजीत नाही. विकत घेतलं ते ‘अ बुक’.

पायरी चौथी: पाठीमागचा शब्द

खाजन शेतीचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण त्यावर आपल्याकडे शेतीवाले, माशांवाले, इतिहासवाले असे सगळेच लिहितात. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून पाणी आत-बाहेर सोडतात, आणि कोरगुटसारखं खारं पाणी सोसणारं भात तिथं होतं. त्यावरच्या लेखनाला इंग्रजीत काय म्हणणार?

‘द लिटरेचर ऑन खाजन्स.’ विषय सांगायला ‘ऑन’. ‘अबाउट’ चुकत नाही, पण जरा बोलीतलं वाटतं, आणि अहवालात ‘ऑन’च शोभतं. ‘द लिटरेचर ऑफ खाजन्स’ म्हटलं तर खाजनांनी लिहिलेलं की काय, असं वाटतं. ‘ऑफ’ मालकीचा: देशाचं, काळाचं, लोकांचं. ‘फॉर’ वाचकाचा: ‘लिटरेचर फॉर फार्मर्स’ म्हणजे शेतकऱ्यांसाठी काढलेली पुस्तिका. ‘चिल्ड्रन्स लिटरेचर’ हा प्रयोग इतका रूढ आहे की तिथं ‘फॉर’ची गरज पडत नाही.

पदवी आणि पुरस्काराला ‘इन’. ‘शी हॅज अ डिग्री इन लिटरेचर.’ नोबेलचं अधिकृत नाव ‘नोबेल प्राइझ इन लिटरेचर’ असं आहे. रवींद्रनाथांना 1913 मध्ये मिळालं ते हेच. ‘नोबेल ऑफ लिटरेचर’ असं आपल्या भाषणांत ऐकू येतं, ते ‘साहित्याचं नोबेल’ या मराठीतून आलेलं. ‘प्राइझ फॉर लिटरेचर’ मात्र चालतं.

शिकण्या-शिकवण्याच्या वाक्यांत मधे काहीच लागत नाही: ‘टीच लिटरेचर’, ‘स्टडी लिटरेचर’. अभ्यासक्रमातल्या पेपरचं नाव म्हणून लिहिताना कॅपिटल एल, एरवी लहान. यावर अधिक शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

पायरी पाचवी: प्रबंधातला परिच्छेद

विद्यार्थ्यांचा खरा घाम इथं निघतो. अहवालाचं दुसरं प्रकरण बहुतेक ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ असतं. इंजिनिअरिंगची मुलं त्याला ‘लिटरेचर सर्व्हे’ म्हणतात. दोन्ही चालतात. मार्गदर्शक जे म्हणतील ते लिहा, त्यात वाद घालू नका. नेहमी दिसतो तसा एक परिच्छेद घेऊ:

‘मेनी लिटरेचर्स आर अव्हेलेबल ऑन खाजन. अ‍ॅज पर लिटरेचर, सॅलिनिटी इज इन्क्रीझिंग. लिटरेचर सेज दॅट बन्ड्स आर ब्रोकन. बट नो लिटरेचर इज देअर ऑन अवर व्हिलेज.’

चार वाक्यं, चारही समजतात, आणि चारही खटकतात. दुरुस्ती करताना प्रत्येक वाक्याला विचारा, हे सगळ्या लेखनाबद्दल आहे की एका लेखाबद्दल? सगळ्याबद्दल असेल तर ‘द लिटरेचर’. एकाबद्दल असेल तर हा शब्दच काढून टाका आणि लेखकाचं आडनाव नि साल घाला. ‘लिटरेचर सेज’च्या पांघरुणाखाली एकच निबंध झोपलेला असतो, आणि परीक्षकाला ते माहीत असतं.

‘देअर इज अ कन्सिडरेबल लिटरेचर ऑन खाजन लँड्स. सेव्हरल स्टडीज रिपोर्ट रायझिंग सॅलिनिटी, अँड द लिटरेचर लिंक्स धिस टु ब्रीच्ड बन्ड्स. आय फाउंड नो पब्लिश्ड वर्क ऑन अवर व्हिलेज.’

आता ‘लिटरेचर’ दोनदाच आला, तेही जिथं त्याची गरज होती तिथं. ‘सेज’ गेलं. लिटरेचरबरोबर ‘शोज’, ‘सजेस्ट्स’, ‘रिपोर्ट्स’, ‘लिंक्स’ ही क्रियापदं चांगली जमतात. ठाम निष्कर्ष असेल तर ‘शोज’, हलका असेल तर ‘सजेस्ट्स’. काहीच सापडलं नाही तर एक देखणा प्रयोग आहे: ‘द लिटरेचर इज सायलेंट ऑन धिस पॉइंट.’ त्यातून पुढं ‘अ गॅप इन द लिटरेचर’ येतं. ही ‘गॅप’ दाखवण्याची सध्या मोठी हौस आहे. दोन निबंध वाचून ‘गॅप’ दाखवू नका, ती बहुधा आपल्या वाचनातली असते. शेवटचं वाक्य बघा: ‘आय फाउंड नो पब्लिश्ड वर्क’, मला सापडलं नाही. ‘नाही’ असं म्हणण्यापेक्षा हे खरं आहे आणि सुरक्षितही.

‘अ‍ॅज पर’ हा आपल्याकडच्या सरकारी इंग्रजीचा लाडका. कचेरीच्या पत्रात राहू द्या, प्रबंधात ‘अ‍ॅकॉर्डिंग टु’ लिहा.

आणखी एक उपयोगी जोडी, ‘ग्रे लिटरेचर’. प्रकाशकांनी विक्रीला काढलेलं नसतं, तरी अभ्यासाला लागतं असं लेखन: सरकारी समित्यांचे अहवाल, न छापलेले प्रबंध, संस्थांच्या कामाचे कागद. गोव्यावर लिहिणाऱ्याला याच्याशिवाय पान उलटता येत नाही. खाण असो, कोमुनिदाद म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था असो, किनारा असो, मोठा मजकूर अहवालांतच पडून आहे. ‘मच ऑफ द एव्हिडन्स इज इन द ग्रे लिटरेचर’ हे वाक्य वहीत उतरवून ठेवा, उपयोगी पडेल.

पायरी सहावी: एमआरचं लिटरेचर

नोकरीत लागतो तो हा अर्थ. ‘प्रॉडक्ट लिटरेचर’, ‘सेल्स लिटरेचर’, ‘प्रमोशनल लिटरेचर’. माहिती किंवा जाहिरातीसाठी छापलेलं काहीही यात बसतं. इथं ‘सम’ हा चांगला सोबती: ‘कुड यू सेंड मी सम लिटरेचर ऑन युअर पम्प्स?’ उत्तर: ‘आय हॅव अटॅच्ड अवर प्रॉडक्ट लिटरेचर.’ एकच घडीपत्रक असेल तर ‘अ लीफलेट’, पुस्तिका असेल तर ‘अ ब्रोशर’.

माझं मत विचाराल तर, गिऱ्हाईक साधा माणूस असेल तेव्हा ‘लीफलेट’च म्हणा. कळंगुटच्या किनाऱ्यावर पर्यटकाच्या हातात जेवणाच्या जागेची चिठ्ठी देऊन ‘धिस इज अवर लिटरेचर’ म्हटलं, तर तो क्षणभर कवितासंग्रह शोधेल. डॉक्टर, अभियंते, खरेदी अधिकारी यांच्याशी मात्र लिटरेचरच बोलतात, तिथं तो व्यवहाराचा शब्द आहे.

निवडणुकीच्या दिवसांत ‘इलेक्शन लिटरेचर’ घरोघर पडतं. त्याच्या तळाशी मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते बारीक अक्षरांत असतात. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 127-क प्रमाणे ती छापावीच लागतात. छापखान्यात काम करणाऱ्यांनी वाक्य असं ठेवावं: ‘ऑल इलेक्शन लिटरेचर मस्ट कॅरी द नेम ऑफ द प्रिंटर.’ ‘मस्ट कॅरी’, एकवचन-अनेकवचनाचा प्रश्नच मिटला.

पायरी सातवी: भावंडांची गफलत

‘लिटररी’ म्हणजे साहित्यिक, विशेषण. ‘लिटररी मॅगझिन’, ‘लिटररी क्रिटिक’, ‘लिटररी प्राइझ’. दिवाळी अंकाची ओळख करून देताना ‘अ लिटररी अ‍ॅन्युअल’ म्हणता येईल. पण विद्यार्थी ‘लिटररी’ नसतो, तो ‘लिटरेचर स्टुडन्ट’. वर्ग ‘लिटरेचर क्लास’. महोत्सवाला दोन्ही चालतात, ‘लिटररी फेस्टिव्हल’ आणि ‘लिटरेचर फेस्टिव्हल’.

‘लिटरेट’ साक्षर, ‘लिटरसी’ साक्षरता. 2011 च्या जनगणनेत गोव्याचा ‘लिटरसी रेट’ 88.7 टक्के होता. ‘लिटरल’ म्हणजे शब्दशः, याचा पुस्तकांशी संबंध नाही, फक्त मूळ अक्षर तेच.

आणि ‘ओरल लिटरेचर’? अक्षरापासून आलेला शब्द, आणि कधी लिहिल्याच न गेलेल्या गोष्टींना लावायचा, हे विचित्र वाटेल. पण रूढ आहे. पौषात बायका धालो नाचतात त्याची गाणी, जात्यावरच्या ओव्या, सगळं त्यात येतं: ‘धालो साँग्ज बिलाँग टु द ओरल लिटरेचर ऑफ गोवा.’ नाटकांच्या संहितेला ‘ड्रमॅटिक लिटरेचर’. जत्रेतली रंगमंचावरची रात्र मात्र ‘थिएटर’.

इथं एक छुपा अर्थही सांभाळा. काही वेळा हा शब्द पदकासारखा वापरतात: ‘इट इज अ गुड रीड, बट इट इज नॉट लिटरेचर.’ म्हणजे वाचायला मजा येते, पण थोर काही नाही. 1892 साली मुंबईत जन्मलेल्या तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराबद्दल ‘इज तियात्र लिटरेचर?’ असं कोणी विचारलं, तर तो खणाचा प्रश्न नसतो, मानाचा असतो. उत्तर देण्याआधी विचारणाऱ्याकडे बघून घ्या.

स्पेलिंग, उच्चार आणि सराव

उच्चार ‘लिट्रचर’, जोर पहिल्या अक्षरावर. आपण ‘लिटरेचर’ म्हणतो, कोणाचं काही बिघडत नाही. पण कानावर भरवसा ठेवून लिहिलं की मधला ‘ई’ हमखास गळतो. पणजीचं लिसेव, म्हणजे पोर्तुगीज काळातलं माध्यमिक विद्यालय, 1854 पासूनचं. तिथं शिकलेली पिढी हाच शब्द ‘लितेरातूरा’ म्हणे. तो पोर्तुगीज उच्चार मनात धरून इंग्रजी स्पेलिंग लिहा: एल-आय-टी, ई-आर-ए, टी-यू-आर-ई. शेवटी फक्त ‘ए’च्या जागी ‘ई’. जुन्या गोव्याचा एवढा फायदा घ्यायला हरकत नाही.

सरावासाठी पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून इंग्रजी वर्तमानपत्र, एखादं शास्त्रीय मासिक आणि कुठलंही माहितीपत्रक घ्या. जिथं ‘लिटरेचर’ दिसेल तिथं अख्खं वाक्य वहीत उतरवा आणि शब्दाच्या अलीकडच्या-पलीकडच्या शब्दांखाली रेघ मारा. अर्थ लिहू नका, रेघा पुरेत. वही भरत गेली की कुठला ‘द’ कुठल्या खणातला, ते न विचारता कळू लागेल.

तोवर ही वाक्यं दुरुस्त करून पाहा. उत्तरं खाली आहेत, आधी झाका.

‘द मराठी लिटरेचर इज व्हेरी रिच.’
‘शी वन अ स्टेट प्राइझ ऑफ लिटरेचर.’
‘प्लीज सेंड अ लिटरेचर ऑफ युअर मशीन.’
‘फिश किल्स आर वेल डॉक्युमेंटेड इन लिटरेचर.’
‘ही इज अ लिटररी स्टुडन्ट अँड हॅज रेड मेनी लिटरेचर्स.’

पहिल्यातला ‘द’ काढा. दुसऱ्यात ‘ऑफ’च्या जागी ‘फॉर’. तिसऱ्यात ‘सम लिटरेचर ऑन युअर मशीन’. चौथ्यात मासे मरण्याच्या घटना शोधनिबंधांत नोंदल्या आहेत, कवितांत नव्हे, तेव्हा ‘इन द लिटरेचर’. पाचवं वाक्य दोन प्रकारे सुटतं. तो वर्गात शिकणारा मुलगा असेल तर ‘ही इज अ लिटरेचर स्टुडन्ट अँड हॅज रेड अ लॉट ऑफ बुक्स’. मुलगा इंग्रजीखेरीज मराठी, कोकणी आणि पोर्तुगीजही वाचत असेल, तर ‘हॅज रेड इन सेव्हरल लिटरेचर्स’ असं लिहा आणि अनेकवचन खुशाल ठेवा.